गाणं हवं, गाणारा नको?

आपल्या तरुण गटाच्या स्नेहमेळाव्यात यंदा जेवणाआधी तासभर गाणी लावायची ठरली आणि यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी एकच अट घातली. यादीतलं प्रत्येक गाणं अशा माणसाचं हवं, जो एक मुलूख सोडून दुसऱ्या मुलखात राहायला गेला. मग पोटासाठी असो, जीव वाचवायला असो, की नुसतं नशीब काढायला. यादी विस्कटू नये म्हणून शहरही एकच धरलं, लंडन. ग्रुपवर यादी टाकली तेव्हा अंगठे बरेच आले, सोबत दोन प्रश्नही आले. एक : पार्टीत हा स्थलांतराचा विषय कशाला? नाचू द्या की! दोन : आपण मराठी मुसलमान, आपल्याला लंडनशी काय देणंघेणं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. या वेळचं संपादकीय त्यांच्यासाठीच आहे.

(संगीत जायज की नाजायज, हा तिसरा प्रश्न एका मित्राने खासगीत विचारला. तो वाद फार जुना आहे, या पानावर मिटणार नाही. ज्याला गाणी नकोत त्याने किस्से तेवढे घ्यावेत. बिर्याणी सगळ्यांना सारखीच आहे.)

आधी लंडनचं. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक कोकणी मुसलमान घरांत आजोबा-पणजोबा पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर खलाशी होते. त्यांतल्या काहींची नातवंडं आज ब्रिटनमध्येच राहतात, आणि उन्हाळ्यात गावी आली की आपल्याशी कोकणीत बोलतात. म्हणजे ते शहर अगदीच परकं नाही. शिवाय दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपल्याला नीट दिसतं, स्वतःच्या घरातलं दिसायला वेळ लागतो. म्हणून थोडं लांबून सुरुवात करू.

पहिलं गाणं १९४८ चं आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' नावाचं जहाज वेस्ट इंडिजमधली शेकडो माणसं घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं. युद्धाने ब्रिटन खिळखिळं झालेलं, बस चालवायला, इस्पितळं सांभाळायला माणसं नाहीत. आणि ही माणसं तर साम्राज्याचीच प्रजा. जहाजावर त्रिनिदादचा एक कॅलिप्सो गायक होता, आल्ड्विन रॉबर्ट्स. लोक त्याला लॉर्ड किचनर म्हणत. न्यूजरीलवाल्याने माईक पुढे धरला आणि या पठ्ठ्याने तिथेच, धक्क्यावर, नवंकोरं गाणं म्हणून दाखवलं : 'लंडन इज द प्लेस फॉर मी'. ती फिल्म आजही पाहायला मिळते. अंगावर नीट सूट, डोक्यावर हॅट, आणि ज्या शहरात अजून एक रात्रही काढलेली नाही त्याचं कौतुक. मला ते गाणं ऐकताना हसू येतं आणि पोटात कालवतंही. कारण पुढचं आपल्याला माहीत आहे.

पुढचं म्हणजे काय? त्या जहाजाच्या आणि त्यामागून आलेल्या जहाजांच्या प्रवाशांची मुलं आईबापांच्या पासपोर्टवर आली, तिथेच शिकली, तिथेच चाळीस-पन्नास वर्षं राबली, कर भरला. आणि २०१८ मध्ये उघड झालं, की त्यांतल्या अनेकांना सरकार 'तुम्ही कायदेशीर आहात याचे कागद दाखवा' म्हणत होतं. कागद नाहीत म्हणून कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार अडले, कित्येकांना तर चक्क ज्या बेटाची आठवणही उरली नव्हती तिथे पाठवून दिलं. या लोकांच्या येण्याची नोंद असलेली उतरणी-पत्रं सरकारच्याच खात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. कागद मागणारा आणि कागद जाळणारा एकच! हे वाचून आपल्यातल्या कुणाला काही आठवलं असेल, तर त्याकडे शेवटी येतो.

दुसरं गाणं क्रिकेटचं आहे आणि ते लागल्यावर कुणी बसून राहिलं तर मी यादी मागे घेईन. १९५० च्या जूनमध्ये वेस्ट इंडिजने लॉर्ड्सवर इंग्लंडला हरवलं, इंग्लंडच्या भूमीवरचा त्यांचा पहिला कसोटी विजय. ३२६ धावांनी. वीसपैकी अठरा बळी दोन पोरसवदा फिरकी गोलंदाजांनी घेतले, रामाधिन आणि व्हॅलेंटाइन. सॉनी रामाधिन त्रिनिदादचा, भारतातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांच्या वंशातला. सामना संपताच लॉर्ड किचनर गिटार घेऊन मैदानात उतरला, मागे वेस्ट इंडियन प्रेक्षकांची मिरवणूक. विंडरशवरूनच आलेल्या लॉर्ड बिगिनरने या विजयावर कॅलिप्सो रचलं आणि त्यात या दोन गोलंदाजांची नावं अशी गुंफली, की क्रिकेटवेड्या देशांत ती जोडी आजही एका दमात उच्चारली जाते. खोली भाड्याने द्यायला 'काळे नकोत' म्हणणाऱ्या शहरात, त्याच शहराच्या सगळ्यात सोवळ्या मैदानावर ही मंडळी नाचली. पार्टीत राजकारण कशाला, असं विचारणाऱ्या मित्राला माझं पहिलं उत्तर हे आहे. या लोकांसाठी नाचायला जागा मिळणं हेच राजकारण होतं.

मिली स्मॉलचं 'माय बॉय लॉलीपॉप' (१९६४) यादीत आहे, कारण ते दोन मिनिटांचं आहे आणि लहान मुलांना आवडतं. जमैकाहून आलेली किशोरवयीन मुलगी आणि तिचं गाणं ब्रिटन-अमेरिकेत दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर. एवढंच.

आता जरा ओळखीचा माणूस. फारोख बलसारा. जन्म १९४६, झांझिबार. आईबाप गुजराती पारशी, वडील तिथल्या सरकारी नोकरीत. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला तेव्हा शिकायला पाठवला तो थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. तिथे तो पियानो शिकला, तिथेच मित्रांनी त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात केली आणि तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळेच्या बँडमध्ये तो वाजवू लागला. साताऱ्याच्या त्या थंड हवेतल्या शाळेच्या हॉलमध्ये जे सुरू झालं ते १९८५ मध्ये वेम्ब्लीच्या मैदानावर सगळ्या जगाने पाहिलं. फ्रेडी मर्क्युरी.

मधली गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, कत्तली झाल्या. बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून निघालं आणि हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टममध्ये येऊन राहिलं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६८ मध्ये, केनियातून भारतीय वंशाचे लोक येऊ लागले तसा ब्रिटिश संसदेने घाईघाईने, काही दिवसांत, कायदा केला : ज्याचे आईबाप किंवा आजीआजोबा ब्रिटनचे नाहीत त्याला हातात ब्रिटिश पासपोर्ट असला तरी सरळ आत येता येणार नाही. झांझिबारची क्रांती चार वर्षं उशिरा झाली असती तर? आज ज्याला अस्सल ब्रिटिश म्हणून मिरवलं जातं तो क्वीन बँड त्या कायद्याच्या दारात अडकला असता. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' वाजेल तेव्हा हे ध्यानात ठेवा. ज्या अल्बममध्ये ते आहे त्याच 'जाझ' (१९७८) या अल्बमचं पहिलं गाणं 'मुस्तफा' आहे आणि त्यात अरबीसारखे, फारसीसारखे, काही निव्वळ मनाचे शब्द आहेत. 'बोहेमियन रॅप्सडी'मध्ये 'बिस्मिल्लाह' कुठून आलं, असा प्रश्न आपल्या पोरांना पडतो. झांझिबारमध्ये जन्मलेल्या, अजान ऐकत वाढलेल्या मुलाला तो शब्द बाहेरून आणावा लागला नसेल, असं माझं आपलं मत आहे.

यानंतर दोन गाणी जोडीने लागतील आणि त्यांच्यामागे माणूस एकच आहे. बिद्दू अप्पय्या, बंगळूरचा मुलगा, साठच्या दशकात इंग्लंडला गेला. १९७४ मध्ये त्याने जमैकात जन्मलेल्या कार्ल डग्लसकडून एक गाणं गाऊन घेतलं. ते खरं तर रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी होतं, हाताशी उरलेल्या वेळात उरकलेलं. ते गाणं म्हणजे 'कुंग फू फायटिंग'. ब्रिटनमध्ये पहिलं, अमेरिकेत पहिलं. गाणारा जमैकाचा, बनवणारा बंगळूरचा, विषय चीनचा, स्टुडिओ लंडनचा. यातलं 'मूळचं ब्रिटिश' काय शोधायचं असेल त्याने शोधावं.

सहा वर्षांनी फिरोज खानना 'कुर्बानी'साठी काहीतरी नवं हवं होतं. लंडनमध्ये त्यांना कराचीची एक शाळकरी मुलगी भेटली, नाझिया हसन. त्यांनी तिला बिद्दूकडे पाठवलं. 'आप जैसा कोई' लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालं, मुंबईच्या सिनेमात झळकलं, आणि पंधरा वर्षांच्या या पाकिस्तानी मुलीला फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट गायिकेचं पारितोषिक मिळालं. १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने' आला. आपल्या आई-मावश्यांना विचारा, लग्नाच्या हळदीत हे गाणं वाजलं नाही असं घर सापडतं का. बंगळूरहून निघालेला आणि कराचीहून निघालेली यांची गाठ तिसऱ्याच गावात पडली. आपापल्या गावी राहते तर ती पडती का, मला शंका आहे.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण ही यादी मी केवळ गोड किस्स्यांसाठी केलेली नाही.

१९७४ मध्ये एरिक क्लॅप्टन या मोठ्या गिटारवादकाने बॉब मार्लीचं 'आय शॉट द शेरिफ' गायलं आणि अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याआधी त्याची सारी कारकीर्दच अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज गायकांच्या संगीतावर उभी. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात हाच माणूस मंचावरून बोलू लागला, की ब्रिटनमध्ये परके फार झाले, त्यांना परत पाठवा, इनॉक पॉवेल बरोबर सांगतो. हा पॉवेल म्हणजे त्याच बर्मिंगहॅममध्ये १९६८ साली स्थलांतरितांमुळे रक्ताचे पाट वाहतील अशा आशयाचं भाषण करणारा पुढारी. क्लॅप्टनने कित्येक वर्षांनी त्या रात्रीची लाज वाटते असं जाहीरपणे सांगितलं, हेही नोंदवायला हवं. पण त्या वेळी ते शब्द हवेत सुटले होते, आणि ते साल बरं नव्हतं. दोनच महिने आधी लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या शीख मुलाचा रस्त्यात खून झाला होता.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त खटकतं ते असं, की तो माणूस खोटं वागत नव्हता. त्याला मार्लीचं गाणं मनापासून आवडत होतं. आणि मार्लीसारखी दिसणारी माणसं शेजारी नको होती, तेही मनापासून. या दोन गोष्टी एकाच छातीत सुखाने नांदू शकतात. संगीत माणसं जोडतं, सीमा पुसतं, असं आपण प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. माफ करा, ते आपोआप होत नाही. गाणं कुणालाही घेता येतं. गाणाऱ्याला घ्यायला वेगळी तयारी लागते.

ती तयारी काही तरुणांनी केली. क्लॅप्टनच्या त्या बोलण्यावर चिडून एका छायाचित्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिलं. त्यात त्याला सरळ विचारलं होतं, की शेरिफला मारला कोणी, ते गाणं तुझं आहे तरी का? त्या पत्रातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गार चौकातून हॅकनीच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारो पोरं चालत गेली, काहींच्या मते लाखभर. तिथे 'द क्लॅश' वाजले, बर्मिंगहॅमच्या वेस्ट इंडियन मुलांचा 'स्टील पल्स' वाजला. पार्टीच होती ती. मोठी, मोकळ्या मैदानातली.

आणि चारच दिवसांनी, ४ मे १९७८ ला, व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या बांगलादेशी कामगाराचा खून झाला. पंचविशीतला पोरगा, कपड्यांच्या कारखान्यातून काम आटोपून घरी चालला होता. मारणारी मुलं त्याच्याहून लहान होती, त्यांचं त्याच्याशी काही वैर नव्हतं. दहा दिवसांनी सात हजारांच्या आसपास लोक त्याच्या जनाज्यामागून पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेले. ज्या बागेजवळ तो पडला तिला १९९८ पासून अल्ताब अली पार्क म्हणतात. एका मैफलीने वंशद्वेष संपला नाही, हे सांगायला मी हा प्रसंग लिहितोय. पण पूर्व लंडनच्या बांगलादेशी मुलांची जी पिढी त्यानंतर मोठी झाली तिने मान खाली घालून चालणं सोडलं, हेही खरं आहे. त्या पिढीतला सैफुल्ला झमान, संगीतातलं नाव 'स्टेट ऑफ बेंगॉल', याचं 'फ्लाइट आयसी ४०८' (१९९७) यादीत आहे. नाव इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानाचं. गाणं नव्हे, नुसती सुसाट धून. ढोलाच्या आवाजाची सवय असलेल्या आपल्या पायांना फार समजावून सांगावं लागणार नाही. त्याचा भाऊ दीदार 'एशियन डब फाउंडेशन'मध्ये रॅप करायचा. त्यांचंही एक लावीन.

लंडनचं शेवटचं गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये झोपडपट्टीतली दोन पोरं रेल्वेच्या टपावरून देशभर हिंडतात तेव्हा मागे वाजतं ते, एमआयएचं 'पेपर प्लेन्स' (२००७). माथंगी अरुलप्रगासम ही श्रीलंकन तमिळ मुलगी. जन्म लंडनचा, बालपण जाफन्याकडचं, आणि युद्धातून पळून दहा-अकरा वर्षांची असताना निर्वासित म्हणून पुन्हा लंडन. अमेरिकेचा व्हिसा अडकल्याच्या वैतागातून तिने हे गाणं केलं. स्थलांतरिताकडे जग ज्या संशयाने बघतं, त्या संशयाचीच तिने टिंगल केली. मागे जी गिटार वाजते ती 'द क्लॅश'च्या १९८२ च्या 'स्ट्रेट टू हेल'मधली, तेच क्लॅश जे व्हिक्टोरिया पार्कमध्ये वाजले होते. आणि ते गाणंही दारातून परतवलेल्या माणसांबद्दलच होतं. इतकी नाती एका गाण्यात, आणि आपण त्यावर रील बनवतो. बनवा. फक्त ती कोण, कुठून आली, एवढं माहीत असू द्या.

आता घरचं. २०२५ मध्ये मुंबई-ठाण्यात बांगला बोलणाऱ्या मजुरांची धरपकड झाली. त्यांतल्या काहींजवळ भारतीय असल्याचे कागद होते, तरी त्यांना सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि मग परत आणावं लागलं. पश्चिम बंगालचे हे गवंडी, फेरीवाले. त्यांचा गुन्हा भाषा आणि नाव. या बातम्यांवर आपण हळहळलो, स्टेटस ठेवले. पण आपल्याच मोहल्ल्यात जरीकामाला, बेकरीत, शिवणकामाला आलेल्या बिहारी, बंगाली पोरांना आपण काय नावाने हाक मारतो? 'ते बाहेरचे, आपण इथले' हे वाक्य मराठी मुसलमानाच्या तोंडी किती सहज येतं! आपल्याला कुणी परकं म्हटलं की आपण सात पिढ्यांचे सातबारे काढतो. ते काढलेच पाहिजेत. पण ज्याच्याकडे इथला सातबारा नाही, त्याचं काय, याचं उत्तर सातबाऱ्यात नाही. आपल्या जमातखान्यातल्या कार्यक्रमाला ही कारागीर पोरं आजवर कधी बोलावली गेली नाहीत. यंदा बोलावू या. शक्यतो त्यांचीही दोन गाणी यादीत घालू. कोणती, ते त्यांनीच सांगावं. यादीत तेवढी जागा मी रिकामी ठेवली आहे.

यादीचा नियम साधा आहे. गाणं लागण्याआधी कुणीतरी माईकवर दोन वाक्यं बोलायची : हा कोण आणि कुठून निघाला. दोनच, भाषण नको. नावांचे उच्चार आधी घोकून या.

आणि मराठी मातीतलं एकही नाही का, असं विचारणाऱ्यांसाठी अगदी शेवटचं एक आहे. त्यावर नाचता येणार नाही. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे आणि जिथे दर वर्षी त्यांच्या नावाने गवई हजेरी लावतात, ते अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्यातलं 'किराणा' म्हणजे वाण्याचं दुकान नव्हे (हे मला दोनदा समजवावं लागलं आहे), उत्तर प्रदेशातलं कैराना गाव. तिथला हा माणूस बडोद्यामार्गे इकडे आला, १९१३ मध्ये त्याने पुण्यात गाण्याची शाळा काढली, मिरजेत घर केलं. त्याच्या शिष्यांत सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांच्या शिष्यांत भीमसेन जोशी. आजच्या भाषेत बोलायचं तर यूपीचा भय्या. त्यांची 'जमुना के तीर' ही भैरवी तीनेक मिनिटांची आहे. जेवणं उरकून लोक दारात चपला शोधत असतील, तेव्हा लावायची. आवाज थोडा मोठा ठेवा, रेकॉर्ड जुनी आहे.